हिंदीतून थकवा कसा विचारायचा, कसा समजून घ्यायचा?

उचगावची_ताई | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) प्रथमोपचार खोलीत नर्स आहे. आमच्याकडं मोल्डिंगला (साचे करायला), भट्टीवर, फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) बिहार, झारखंड आणि उत्तर प्रदेशातली बरीच माणसं आहेत. शाळेत पाचवीपासून हिंदी होतं, मार्कही बरे पडायचे. बाजारहाटापुरती हिंदी येते. पण माणूस समोर बसून अंगातलं सांगायला लागला की ती हिंदी पुरत नाही.

कुणी म्हणतं 'बदन टूट रहा है', कुणी 'कमज़ोरी लग रही है', कुणी 'घबराहट हो रही है', कुणी नुसतं 'मन ठीक नहीं है' म्हणून खाली बघत बसतं. यातला कुठला नुसता दमलाय, कुणाला ताप येणार आहे, कुणाला ऊन-उष्णता बाधलीय आणि कुणाला ताबडतोब गाडीत घालून दवाखान्यात न्यायला पाहिजे, हे मला त्याच्या बोलण्यावरनं कळायला हवं. भट्टीतनं लोखंड ओततात तेव्हा ते १४०० अंशांच्या आसपास असतं. त्याच्यासमोर उभ्या माणसाचा तोल गेला तर पुढं काय होईल हे तुम्हाला सांगायला नको.

मोबाइलवरच्या भाषांतराला मी काहीही विचारलं तरी ते 'मैं थका हुआ हूँ' एवढंच देतं. मला त्यापुढचं हवंय. ज्यांच्या घरात, कामावर, तालमीत हिंदी बोलणारी माणसं आहेत त्यांनी कृपया लिहा.

हिंदीच्या_बाई | सोमवार, रात्री १०:२५

ताई, फार गरजेचा विषय काढलात. मी हायस्कूलला हिंदी शिकवून निवृत्त झाले. पुस्तकात हे नसतं हे अगदी खरं.

सुरुवात क्रियापदापासून करा, कारण निम्मी माहिती तिथंच मिळते. 'थक गया हूँ' म्हणजे आता दमलोय, बसलो की बरं वाटेल. 'थकान हो रही है' हेही आत्ताचंच. 'थकान होती है' म्हणजे अमुक काम केलं की होते. पण 'थकान रहती है' असं कुणी म्हणालं तर पेन खाली ठेवा आणि नीट ऐका. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत, सुट्टीच्या दिवशीही ती आहे, असा त्याचा अर्थ. आपण मराठीत 'थकवा असतो' म्हणतो, त्यात हे दोन्ही मिसळून जातं. हिंदीवाला ते वेगळं करून सांगतो. तसंच 'जल्दी थक जाता हूँ' हे वाक्य. पूर्वी दमत नव्हतो, आता लवकर दमतो, ही तक्रार त्यात आहे.

'थक चुका हूँ' मात्र निराळं. इथं आपल्या कानाला 'चुकलो' ऐकू येतं, त्याचा काही संबंध नाही. ते बहुतेक वेळा अंगापेक्षा मनाचं असतं. आता पुरे झालं, माझ्यानं निभत नाही, असं. ते म्हणणाऱ्याला गोळी देऊन पाठवू नका. घरी काय चाललंय ते विचारा.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला सोपी जाते आणि शाळेत आम्ही ती कधी अशी जोडून दाखवत नाही. आपण म्हणतो 'मला उठवत नाही', 'चालवत नाही'. कोल्हापुरी बोलीत 'उठवंना झालंय'. हिंदीत नेमकं हेच 'मुझसे उठा नहीं जा रहा', 'चला नहीं जाता' असं येतं. इच्छा आहे पण अंग ऐकत नाही. 'नहीं उठूँगा' आणि 'उठा नहीं जा रहा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुकादमाला तो कळला नाही तर आजारी माणूस कामचुकार ठरतो.

भट्टीसमोर | सोमवार, रात्री ११:१०

बाई, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी मेल्टिंगला सुपरवायझर आहे (ताईंच्या कंपनीत नाही, दुसरीकडं). 'हमसे नहीं होगा' असं पोरगं म्हणालं की आपल्याकडं लोकांना वाटतं, उलट बोलतोय. त्या बोलण्यात उद्धटपणा नसतो. त्याच्याकडचं 'माझ्यानं व्हायचं नाही' आहे ते.

आणि 'हम'. नवीन सुपरवायझरला हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं. एकटा माणूस येऊन 'हम थक गए हैं' म्हणतो. आपला माणूस मागं वळून बघतो, बाकीचे कुठं आहेत म्हणून. तो स्वतःबद्दलच बोलत असतो. तिकडं 'मैं'च्या जागी सर्रास 'हम' चालतं.

छपरा_ते_शिरोली | मंगळवार, सकाळी ६:५०

नमस्कार. मी मूळचा बिहारमधल्या छपऱ्याचा, आता पुष्कळ वर्षं इथं पॅटर्न शॉपला (साच्यांचे नमुने बनवतात तिथं) आहे. मुलं मराठी शाळेत आहेत, त्यांच्यामुळं माझं मराठी लिहिणं सुधारलं. चूक झाली तर समजून घ्या.

ताई, 'मन ठीक नहीं है' हे सगळ्यात आधी सांगतो. आमच्याकडं भोजपुरीत 'मन ठीक नइखे' म्हणजे तब्येत बरी नाही. ताप असू शकतो, पोट बिघडलं असेल, अंग दुखत असेल. मराठी माणूस ऐकतो आणि समजतो की घरची आठवण येतेय, उदास आहे. मग म्हणतो, 'जा, चहा पी, बरं वाटेल.' तो माणूस चहा पितो आणि तापात परत कामाला लागतो. कुणी मन म्हणालं तर कृपा करून कपाळाला हात लावून बघा.

'देह' हा शब्दही ऐकाल. 'देह टूट रहा है', 'देह-हाथ में दर्द है'. शहरातला माणूस 'बदन' म्हणेल, गावाकडचा 'देह'. तुम्ही मराठी लोक 'अंग दुखता है क्या' विचारता तेव्हा समजतं, पण हिंदीत 'अंग' म्हणजे शरीराचा एखादा भाग. 'बदन में दर्द है क्या' विचारलं की सरळ उत्तर येईल.

अंग मोडून येतं, कणकण वाटते, त्याला 'हरारत' म्हणतात. थर्मामीटरमध्ये फार काही दिसणार नाही, पण माणूस बरा नाही.

उचगावची_ताई | मंगळवार, दुपारी २:१५

छपऱ्याचे भाऊ, तुमचे आभार कसे मानू? 'मन ठीक नहीं' ही तक्रार आमच्या नोंदवहीत कितीतरी वेळा आहे आणि तिच्यापुढं 'तणाव' असं लिहिलेलं आहे. आजपासून त्या प्रत्येकाचा ताप आणि बीपी बघायचं ठरवलंय.

'घबराहट' बद्दल कुणी सांगेल का? आपल्या कानाला घाबरला असं वाटतं.

सिस्टर_रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी सांगते. मी इथल्या एका खासगी रुग्णालयात अपघात विभागात असते. हिंदी पेशंट 'घबराहट' म्हणतो तेव्हा भीती हा त्यातला एक अर्थ, आणि तोही बऱ्याचदा नसतो. छातीत धडधडणं, जीव कासावीस होणं, श्वास पुरेना होणं, दरदरून घाम फुटणं, मळमळणं, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. त्यामुळं पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: 'सीने में दर्द या भारीपन तो नहीं? साँस फूल रही है? पसीना ठंडा है क्या?' उत्तर 'हाँ' आलं तर पुढं चर्चा करत बसू नये, थेट ईसीजीची सोय असेल तिथं हलवावं.

'जी घबरा रहा है' तसंच. 'जी मिचला रहा है' म्हणजे मात्र स्पष्ट मळमळ. 'आँखों के सामने अँधेरा छा गया' ही आपली डोळ्यांपुढची अंधारी. 'चक्कर' दोन्हीकडं सारखाच. 'नस चढ़ गई' म्हणजे पिंढरीत गोळा आला, पेटका आला. आपण 'गोले आए' म्हटलं तर त्यांना काही कळत नाही.

एक फार महत्त्वाचं. 'दवा से आराम नहीं है' याचा अर्थ विश्रांती मिळाली नाही असा घेऊ नका. औषधानं उतार पडला नाही, असं तो सांगतोय. 'अब आराम है?' म्हणजे आता बरं वाटतंय का. विश्रांती घ्या सांगायचं असेल तर 'आराम कीजिए' चालतं, म्हणून गोंधळ होतो.

भट्टीच्या उष्णतेचं तुम्हाला माहीतच आहे, तरी इतरांसाठी लिहिते. डोकं दुखणं, खूप घाम, पेटके, मळमळ, गरगरणं, इथपर्यंत माणसाला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, ओआरएस देऊन सांभाळता येतं. पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, पेल्यात थोडी थोडी नाही. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, नाव-गाव नीट सांगेना, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा वर जातं. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि इथं भाषेचा धोका बघा. ज्याची भाषाच आपल्याला नीट येत नाही, तो असंबद्ध बोलतोय हे आपल्याला कसं कळणार? म्हणून त्याच्या गावचा, त्याच्या बोलीचा एक सोबती कायम शेजारी हवा. 'ये ठीक से बोल रहा है न?' हे त्या सोबत्याला विचारायचं.

पन्हाळ्याचा_पायथा | मंगळवार, सायंकाळी ७:०५

सगळं वाचलं. कळकळ पटते. पण मुद्दा मांडतोच: इथं येऊन राबायचं तर त्यांनी मराठी शिकावं. आपणच किती वाकायचं? सगळीकडं आपण हिंदीत उत्तर देतो म्हणून त्यांना गरज वाटत नाही.

भट्टीसमोर | मंगळवार, रात्री ८:२०

दादा, मराठी शिकावं हे मलाही वाटतं आणि माझ्या शिफ्टची पोरं शिकतातही. 'लय दमलो', 'पानी द्या', 'हळू', 'सरका', 'थांबा' हे पहिल्या आठवड्यात येतंच. पण चक्कर आलेला माणूस त्याच्या आईच्या भाषेतच बोलणार. आपण स्वतः परराज्यात आजारी पडलो तर 'आई गं' म्हणूनच कण्हतो. सुरक्षेच्या जागी ज्याला जे ऐकून समजायला हवं ते त्यानं शिकावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

छपरा_ते_शिरोली | मंगळवार, रात्री ८:४५

पायथावाले दादा, मला तुमचं वाईट वाटलं नाही. मी मराठी शिकलो तेव्हाच इथला झालो. नवीन मुलांना मी सांगतो, 'बाबू, पहिले थांबा सीखो.' लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) घेऊन येणारा 'थांबा' ओरडला आणि समजलं नाही तर पाय जाईल. पण ताईंसमोर मुलगा बसतो तेव्हा तो आधीच घाबरलेला असतो. त्या वेळी सिस्टरनं त्याच्या भाषेत एक वाक्य बोललं तरी तो खरं सांगतो. नाहीतर 'ठीक है' म्हणून उठून जातो.

पन्हाळ्याचा_पायथा | मंगळवार, रात्री ९:३०

हे पटलं भाऊ. मराठीची यादी करायची असेल तर मी मदत करतो. दोन्ही बाजूंनी होऊ दे.

राजारामपुरीकर_सासूबाई | बुधवार, सकाळी ११:००

आमची सून कानपूरची. घरातलं थोडं लिहिते, उपयोग होईल.

आपण म्हातारं माणूस वाकलं, जरा क्षीण झालं की म्हणतो 'आत्या फार थकल्या हो'. मी सुनेच्या आईला फोनवर आमच्या आत्यांबद्दल 'वो बहुत थक गई हैं' म्हटलं, तर त्या म्हणाल्या, 'तो उन्हें थोड़ा लिटा दीजिए न.' तिकडं त्यासाठी 'कमज़ोर हो गई हैं', 'शरीर ढल गया है' असं म्हणतात.

पायांचं तर जपूनच बोलावं. आपण 'पाय जड झालेत' म्हणतो. हिंदीत 'पाँव भारी हैं' म्हणजे दिवस गेलेत. बायकांना विचारताना 'पैरों में भारीपन है क्या' किंवा 'पैर सूजे हैं क्या' असं विचारा, म्हणजे घोटाळा होत नाही.

आणि आम्हा कोल्हापूरच्या बायकांची सवय, 'मी आलो', 'मी दमलो' म्हणायची. हिंदी बोलताना तेच तोंडात येतं, 'मैं थक गया'. बाईनं 'मैं थक गई' म्हणायचं. पण सूनबाई सांगते, तिच्या पूर्वेकडच्या मैत्रिणी 'हम थक गए' असंच म्हणतात, बायका असून. म्हणजे त्या आणि आम्ही एकाच वाटेनं चाललोय. मला ऐकून फार आपलंसं वाटलं.

हिंदीच्या_बाई | बुधवार, दुपारी १२:४०

सासूबाईंनी लिंगाचा विषय काढला म्हणून भर घालते. आपला 'थकवा' पुल्लिंगी, हिंदीची 'थकान' आणि 'थकावट' स्त्रीलिंगी. म्हणून 'थकान हुई', 'थकान उतर गई'. 'कमज़ोरी' आणि 'नींद' स्त्रीलिंगी, 'दर्द', 'बुखार', 'चक्कर' पुल्लिंगी. चुकलं तरी समजतं, पण त्यात अडकून बोलायचं थांबू नका.

झोपेचं वाक्य मात्र लक्षात ठेवा. आपण 'मला झोप आली' म्हणतो, म्हणजे आत्ता येतेय. हिंदीत 'मुझे नींद आई' म्हणजे झोप लागली होती. तुम्हाला 'नींद आ रही है?' विचारायचं असतं. रात्रीच्या झोपेबद्दल 'रात को नींद पूरी हुई?' असं.

आपली 'ग्लानी' तिकडं नेऊ नका. हिंदीत 'ग्लानि' म्हणजे मनाची टोचणी, पश्चात्ताप. झापड आल्यासारखं वाटत असेल तर 'सुस्ती' म्हणा. 'गळून गेलो' याचंही 'गल गया' करू नका, ते कुजण्या-विरघळण्याचं आहे. 'निढाल हो गया', 'हाथ-पैर ढीले पड़ गए' म्हणा. आणि शब्द सुचलाच नाही तर 'बदन में जान नहीं है' सगळीकडं कळतं.

लाल_मातीतला | बुधवार, रात्री ९:१५

तालमीतली भर घालतो. आमच्याकडं हरियाणा, उत्तर प्रदेशातली पोरं सरावाला येतात. जोर झाल्यावर मातीत पडून बोलतात ती हिंदी वेगळी. 'दम फूल गया' म्हणजे धाप लागली, दोन मिनिटांत उठेल. आपण 'दमलो' म्हणतो त्यात तोच दम आहे, पण 'मैं दम गया' असं हिंदीत होत नाही. 'बदन खुल गया' म्हणजे उलट, अंग मोकळं झालं, आता लढायला मजा येईल. 'बदन टूट रहा है' म्हणाला तर वस्ताद त्याला त्या दिवशी उतरू देत नाहीत, मालिश करून झोपवतात. 'अकड़न' म्हणजे आखडलंय. 'चूर हो गया' म्हणजे दमून गेला पण खुशीत आहे, मेहनत चांगली झाली. पोरगं बोलताना डोळ्यात बघायचं. चूर झालेला डोळ्यातनं हसतो.

उचगावची_ताई | गुरुवार, रात्री १०:०५

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत की मी वहीच केली. आज फेटलिंगचा एक मुलगा आला. तोंड उतरलेलं, हातातला ग्राइंडरचा मोजा तसाच. मी 'थक गए क्या?' विचारायचं टाळलं. त्याचं उत्तर 'नहीं, ठीक है' हेच येतं, कारण कामाच्या ठिकाणी दमलो म्हणणं कुणाला परवडत नाही. त्याऐवजी विचारलं, 'बाबू, रात को नींद पूरी हुई? सुबह से पानी कितना पिया? पेशाब पीला हो रहा है क्या?' तो बोलायला लागला. खोलीत बरीच माणसं, पाळ्या वेगळ्या, दिवसा झोप होत नाही. मग म्हणाला, 'सिस्टर, थकान तो रहती है.'

बाईंनी सांगितलेलं ते 'रहती है' ऐकलं आणि मी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरी होती. 'खून की जाँच करवा लीजिए, खून की कमी हो सकती है' असं सांगून चिठ्ठी दिली. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, बाईचं १२ च्या खाली. रिपोर्ट आल्यावर कळेल. पण आधी मी त्याला 'थक गए क्या' विचारलं असतं तर तो 'ठीक है' म्हणून गेला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता एकच अडलंय. मी एखाद्याला 'आज घर जाइए' म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. हे कसं सांगावं?

छपरा_ते_शिरोली | शुक्रवार, सकाळी ६:३५

ताई, त्याला वाटतं कामावरून काढलं. 'छुट्टी कर दी' याचा अर्थ आमच्याकडं नोकरी गेली असाही होतो. म्हणून तुम्ही दिलेली सुट्टीही त्याला टोचते. शिवाय कंत्राटी माणसाचं सगळं गणित हाजिरीवर असतं. एक हाजिरी गेली की घरी पाठवायचे पैसे कमी. तुम्ही आधी हाजिरीबद्दल बोला, मग घरी जा म्हणा. 'आज की हाज़िरी लगेगी, आप कमरे पर जाकर लेट जाइए, कल आकर मुझे दिखाइए.' 'कल आकर' हे शब्द नक्की ठेवा. उद्या बोलावलंय म्हटल्यावर नोकरी आहे हे त्याला समजतं.

भट्टीसमोर | शुक्रवार, सकाळी ८:००

पण ताई, हाजिरी लागेल असं तुम्ही बोलण्याआधी ते वरनं ठरवून घ्या. नाहीतर महिनाअखेरीला कापली गेली की परत कुणी तुमच्याकडं यायचं नाही. आमच्याकडं मी ठेकेदाराशी बसून बोललो. नर्सनं पाठवलेल्या माणसाची त्या दिवसाची हाजिरी पूर्ण धरायची, असं कागदावर घेतलं. एका माणसाच्या अर्ध्या पाळीपेक्षा भट्टीजवळचा एक अपघात किती महाग पडतो, हे त्यालाही कळतं. एचआरला सोबत घ्या, एकट्या जाऊ नका.

उचगावची_ताई | शुक्रवार, रात्री ९:२०

आज एचआर आणि ठेकेदार दोघांशी बोलले. सोमवारपासून लागू करतो म्हणालेत, लेखी मागितलंय. खोलीच्या दारावर लावायला तक्ता करतेय. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला पायथ्याच्या दादांनी पाठवलेली मराठी वाक्यं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात 'चक्कर, घबराहट, आँखों के सामने अँधेरा: काम रोकिए, तुरंत यहाँ आइए. हाज़िरी लगेगी.' असं लिहिलंय. भाऊ, एकदा बघून घ्या.

छपरा_ते_शिरोली | शुक्रवार, रात्री १०:१०

बरोबर आहे ताई. फक्त शेवटी 'हाज़िरी नहीं कटेगी' करा, त्यांना भीती कापली जाण्याची असते. आणि 'मन ठीक न हो' हेही वरच्याच ओळीत घाला. छपाईला देण्याआधी मला पाठवा, मी आमच्या खोलीतल्या पाच-सहा जणांना वाचून दाखवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं लागेल, पहिले काही दिवस पाळी सुटताना मी दारापाशी थांबेन.